रुग्णसेवेची नोकरी : मुलाखतीची तयारी आणि मालकाची पारख

घरातील वृद्ध, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, शस्त्रक्रियेनंतर नुकतीच घरी परतलेली व्यक्ती यांची देखभाल करणे हे आज असंख्य स्त्री-पुरुषांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे. रुग्णालये, वृद्धाश्रम, नर्सिंग ब्युरो आणि प्रत्यक्ष कुटुंबे या कामासाठी माणसे नेमतात. ही नेमणूक बहुधा एका छोट्या भेटीत ठरते. मालक बोलतो, उमेदवार मान डोलावतो, पगाराचा आकडा निश्चित होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू होते. रुग्णाला उचलावे लागेल का, रात्री किती वेळा उठावे लागेल, इंजेक्शन कोण देणार, सुई टोचली तर कोणाला कळवायचे, यांतील काहीही बोलले गेलेले नसते. या न बोललेल्या गोष्टींचा भार पुढे रुग्णावर आणि त्याची सेवा करणाऱ्यावर सारखाच पडतो.

म्हणून मुलाखतीकडे केवळ परीक्षा म्हणून पाहू नये. कामाची सीमा आखण्याची ती पहिली आणि अनेकदा एकमेव संधी असते. हे पत्रक अशा मुलाखतीस जाणाऱ्यांसाठी आहे. ज्या घरात रुग्णासाठी माणूस ठेवायचा आहे त्या घरानेही ते वाचावे, कारण तेथे मालक ते घरच असते.

आपले पद आधी निश्चित करावे

बोलीभाषेत पांढरा किंवा निळा कोट घातलेल्या प्रत्येक स्त्रीला ‘सिस्टर’ म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवल्यावरच परिचारिका म्हणून काम करता येते. महाराष्ट्रात ही नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, अथवा होम हेल्थ एड हे प्रशिक्षण वेगळे आहे. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेखाली ते विनाशुल्क मिळू शकते आणि त्याचे प्रमाणपत्रही उपयुक्त आहे, परंतु त्याने कोणी परिचारिका होत नाही. सहा महिन्यांत ‘नर्सिंग’ पूर्ण करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या काही शिकवण्या मोठे शुल्क घेतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर कोणत्याही परिषदेत नोंदणी होत नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच समजून घ्यावे.

हा भेद केवळ मानाचा नाही. रुग्णाला स्नान घालणे, कपडे बदलणे, भरवणे, कूस बदलणे, चालताना आधार देणे, तापमान व नाडी मोजून लिहून ठेवणे, शौच-लघवीची स्वच्छता राखणे ही प्रशिक्षित सहायकाची कामे आहेत. इंजेक्शन वा सलाईन देणे, कॅथेटर किंवा नाकातून जाणारी नळी घालणे, औषधाचे प्रमाण बदलणे ही सहायकाची कामे नव्हेत. आपण सहायक असूनही एखादा मालक म्हणाला, “अहो, दोन दिवसांत हात बसतो, इंजेक्शन काही अवघड नाही,” तर त्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. इंजेक्शन चुकले तर रुग्णाला अपाय होतो आणि चौकशी झाली की प्रश्न सुई हाती घेणाऱ्याला विचारला जातो. तोंडी आदेश देणारा त्या वेळी बाजूला होऊ शकतो. नोंदणीकृत परिचारिकेचा पगार वाचवण्यासाठी सहायकाला परिचारिकेचा गणवेश देणारी संस्था रुग्णाचीही फसवणूक करीत असते. येथे नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा. तो नकार पसंत न पडणाऱ्या ठिकाणी काम न मिळालेले बरे.

सोबत न्यावयाची कागदपत्रे

आधार ओळखपत्र, शिक्षण व प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, परिचारिका असल्यास नोंदणीपत्र, पूर्वीच्या कामाचे अनुभवपत्र, बँक खात्याचा तपशील आणि हिपॅटायटिस-बी लसीची नोंद एवढे पुरेसे आहे. मूळ कागद दाखवावेत आणि छायाप्रती द्याव्यात. प्रत्येक छायाप्रतीवर तारीख आणि ‘अमुक संस्थेतील नोकरीसाठी’ असे लिहून सही करावी. मूळ प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या मालकाचा हेतू बहुधा एकच असतो, तो म्हणजे आपल्याला काम सोडता येऊ नये. पोलीस पडताळणीची मागणी मात्र रास्त आहे. ज्या घरात असहाय माणूस आहे त्या घराने ती करावीच.

पूर्वी नोकरी केलेली नसेल, पण सासूबाईंची अथवा वडिलांची दीर्घ आजारपणात शुश्रूषा केली असेल, तर ते सांगण्यास संकोचू नये. काय काय केले, किती काळ केले आणि त्यातील काय डॉक्टर वा परिचारिकेने शिकवले होते, हे मोजक्या शब्दांत सांगावे. घरची सेवा हा अनुभवच आहे.

विचारले जाणारे प्रश्न

समजदार मालक पाठांतर तपासत नाही. तो एखादा प्रसंग समोर ठेवतो आणि उमेदवार काय करील हे विचारतो. अशा प्रश्नाच्या उत्तरात तीन गोष्टी याव्यात: प्रथम काय पाहाल, हाताने काय कराल आणि कोणाला कळवाल. तिसरी गोष्ट पुष्कळ उमेदवार विसरतात. प्रत्यक्ष कामात मात्र रुग्णाचा जीव अनेकदा तिच्यावर अवलंबून असतो.

समजा, विचारले गेले, “मधुमेहाच्या आजोबांना अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते असंबद्ध बोलू लागले, तर?” रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी झाल्याची ही लक्षणे असू शकतात. ग्लुकोमीटर जवळ असल्यास मोजावे, पण त्याच्या शोधात वेळ घालवू नये. रुग्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि सुधारणा नसल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. रुग्णाला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कुटुंबाला कळवावे. असे उत्तर देणाऱ्या उमेदवाराला मग कोणत्या शाळेत शिकलात हे विचारण्याची मालकाला फारशी गरज उरत नाही.

“अंथरुणावरच्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून काय कराल?” हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. चादरीला सुरकुती राहू देऊ नये. त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवावी. माकडहाड, नितंबांच्या बाजू आणि टाचा रोज उजेडात पाहाव्यात. एखादी जागा लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही तो लालपणा जात नसेल, तर तेथे मालिश करू नये. त्या जागेवरचा भार काढून कळवावे. अनेक घरांत अशा जागेवर तेल चोळण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असतो, पण त्याने आतील पेशींना अधिक इजा होते. सन्मान राखून हे सांगता येणे हेही या कामातील कौशल्यच आहे.

भरवण्याविषयीही प्रश्न येतो. रुग्णाला बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावा. गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास द्यावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. अर्धांगवायूच्या रुग्णाला आडवे असताना पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. कॅथेटर असल्यास पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण ती जमिनीला टेकू नये. तोंड एकाएकी वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. तेथे ‘थोडा वेळ पडू द्या, बरे वाटेल’ असे म्हणून थांबू नये, तर लक्षण दिसल्याची वेळ लिहून ठेवून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. ही वेळ डॉक्टर सर्वप्रथम विचारतात.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबद्दल विचारले गेले तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी. संध्याकाळी ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट धरणाऱ्या आजींना ‘हेच तुमचे घर आहे’ असे पुनःपुन्हा सांगून उपयोग होत नाही. त्यांच्याशी वाद न घालता विषय वळवणे, थोडे फिरवून आणणे, दिवा लावून खोलीतील सावल्या कमी करणे, हे अधिक परिणामकारक ठरते. अशा रुग्णाने मारले किंवा शिवी दिली तर काय कराल, हे विचारणारा मालक प्रामाणिक आहे असे समजावे. तो अडचण लपवत नाही.

एखादी गोष्ट येत नसेल तर “हे मला शिकवलेले नाही, दाखवल्यास शिकेन” असे सांगावे. सर्व काही येते म्हणणारा माणूस रुग्णाच्या खोलीत धोकादायक ठरतो, हे अनुभवी मेट्रन चांगले जाणतात.

आपण विचारावयाचे प्रश्न

आता दुसरी बाजू. “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” या प्रश्नावर बहुतेक उमेदवार “नाही, काही नाही” असे उत्तर देतात. त्यामागे संकोच असतो आणि काम हातचे जाण्याची भीतीही असते. परंतु मालकाची पारख येथेच होते.

पहिला प्रश्न रुग्णाविषयी असावा. आजार कोणता, वय काय, वजन साधारण किती, चालता येते का, गिळता येते का, नळ्या कोणत्या, जखम आहे का, मानसिक स्थिती कशी, आधीचे सेवक किती दिवस टिकले आणि का गेले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. तीन महिन्यांत चार माणसे सोडून गेली असतील आणि ती चारही ‘कामचुकार’ होती असे सांगितले जात असेल, तर कारण बहुधा त्या माणसांत नसते. रुग्ण न दाखवता नेमणूक करू पाहणाऱ्या ब्युरोला ‘आधी एकदा रुग्ण पाहतो, मग सांगतो’ असे म्हणावे.

क्षयरोगाविषयी अवश्य विचारावे, कारण फुप्फुसाचा क्षय असल्यास मास्क, खेळती हवा आणि उपचार सुरू असल्याची खात्री आवश्यक असते. एचआयव्हीबाबत मात्र वेगळी भूमिका आहे. एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ अन्वये ती माहिती गोपनीय आहे आणि नोकरीसाठी आपली एचआयव्ही चाचणी सक्तीने मागणेही बेकायदेशीर आहे. रक्त, लघवी, जखम यांना हात लावताना प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे घालावेत आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. हा नियम पाळला तर कोणाला कोणता आजार आहे याची चौकशी करीत बसावे लागत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की हातमोजे कोण आणून देणार? ‘आठवड्याला एक जोडी’ असे उत्तर आले तर त्या ठिकाणी स्वच्छतेची एकूण स्थिती काय असेल हे सांगावयास नको. हातमोजे एका रुग्णासाठी एकदाच वापरून टाकावयाचे असतात.

सुई टोचण्याविषयी निःसंकोच विचारावे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रुग्णालयाने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताच्या लसी देणे बंधनकारक आहे. हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. म्हणजे आज सुरुवात केली तरी पूर्ण संरक्षणाला सहा महिने लागतात. ‘कायम झालात की बघू’ हे उत्तर म्हणूनच स्वीकारार्ह नाही. सुई टोचल्यास जागा पिळू नये. ती साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, लगेच वरिष्ठांना कळवावे आणि शासकीय रुग्णालयात जावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यावयाचे असते. मुलाखतीतच विचारावे, “रात्री दोन वाजता सुई टोचली तर मी कोणाला फोन करायचा?” ज्या संस्थेत या प्रश्नाला नाव आणि क्रमांक मिळतो ती संस्था विचारपूर्वक चालवलेली आहे.

पाठीचे दुखणे हे या कामातील सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित नुकसान आहे. रुग्णाला उचलण्यास दुसरा माणूस मिळेल का, पलंगाची उंची कमी-अधिक करता येते का, सरकवण्यासाठी आडवी चादर वापरतात का, हे विचारावे. ८० किलोच्या माणसाला एकट्याने काखेत हात घालून ओढणे हे रुग्णाच्या खांद्यालाही घातक असते आणि ओढणाऱ्याच्या कंबरेलाही. तिशीत गेलेली कंबर पुढील तीस वर्षे परत येत नाही, आणि हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात दुसरी कमाई नसते.

मग वेळ. बारा तासांची पाळी असेल तर मध्ये जेवणासाठी कोण बदली देणार? चोवीस तास राहावयाचे असेल तर झोपण्याची जागा कोठे, सलग किती तास झोप मिळेल, आतून कडी लावता येईल असे स्नानगृह आहे का, साप्ताहिक सुटी कोणत्या वारी? रात्री सहा वेळा उठणाऱ्या रुग्णासाठी एकच माणूस चोवीस तास ठेवणे ही काटकसर नव्हे. तिसऱ्या-चौथ्या रात्री तो माणूस औषधांच्या डब्यातील सकाळ आणि संध्याकाळ यांची अदलाबदल करू शकतो. रुग्णालयात असाल तर रात्रपाळीत एका सहायकाकडे किती रुग्ण असतात हे विचारावे आणि शक्य असल्यास वॉर्डातून एक फेरी मारू द्यावी अशी विनंती करावी. त्या फेरीत भिंतीवरच्या फलकांपेक्षा हात धुण्याच्या जागेकडे पाहावे. साबण आहे का, पाणी येते का, पिवळ्या, लाल, निळ्या व पांढऱ्या रंगांच्या कचरापात्रांत नेमके तेच पडले आहे का ज्यासाठी ती ठेवली आहेत? काम करणाऱ्या मावशींशी दोन मिनिटे बोलता आले तर कार्यालयातील अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा अधिक कळते.

पगार आणि कपाती

हातात किती पडणार, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने, हे तिन्ही विचारावे. पगार बँक खात्यात येणे सर्वांत चांगले, कारण पुढे वाद झाला तर तीच नोंद पुरावा ठरते. किमान वेतनाचे दर प्रत्येक राज्य ठरवते आणि महागाईनुसार ते बदलतात. इंदूर, सुरत, बेळगाव किंवा हैदराबाद येथे काम शोधत असाल तर महाराष्ट्रातील आकडा तेथे लागू नाही. तेथील कामगार विभागाकडे चौकशी करावी. नोंदणीकृत परिचारिकांसाठी एक आकडा माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली होती. ही शिफारस सर्वत्र पाळली जात नाही, परंतु बोलणी करताना तिचा आधार घेता येतो.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. वेतनाच्या ०.७५ टक्के कर्मचारी देतो आणि ३.२५ टक्के मालक. १२,००० रुपये वेतन असेल तर आपले केवळ ९० रुपये कापले जातात, मालकाचे ३९० रुपये जातात आणि त्या बदल्यात आपल्या कुटुंबाला वैद्यकीय उपचार व कामावरील अपघातात संरक्षण मिळते. वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० असतील तर आपला १२ टक्के हिस्सा १,४४० रुपये होतो. मालकाचा हिस्सा स्वतंत्र असतो आणि तो आपल्या पगारातून वळता करणे बेकायदेशीर आहे. ‘पीएफ कापतो’ असे सांगून तो न भरणारेही असतात. उमंग ॲपवर आपल्या यूएएन क्रमांकाने पासबुक उघडून पाहावे. दोन महिने रक्कम दिसली नाही तर प्रश्न विचारावा.

ब्युरोमार्फत काम घेताना कुटुंब ब्युरोला किती देते आणि त्यातील किती आपल्याला मिळते हे विचारण्यात काहीही गैर नाही. समजा, कुटुंब दिवसाला १,००० रुपये देते आणि आपल्या हाती ६५० पडतात, तर उरलेल्या ३५० रुपयांत ब्युरो नेमके काय देते? आजारी पडल्यास बदली, प्रशिक्षण, विमा, तक्रार ऐकणारा माणूस? यांपैकी काहीच नसेल तर ब्युरोने फक्त दूरध्वनी क्रमांक पुरवला आहे असे समजावे. नोंदणीशुल्क, गणवेशाची अनामत, ‘फाईल’ उघडण्याचे पैसे असे काहीही नोकरीआधी देऊ नये. पहिला महिना बिनपगारी ‘प्रशिक्षणाचा’ असेल, पण त्यात रुग्णाचे पूर्ण काम करावे लागणार असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या बंधपत्रावर सही करू नये. ‘घरी दाखवून उद्या आणून देते’ असे सांगावे.

सुरक्षितता

मुलाखतीचे ठिकाण संस्थेचे कार्यालय किंवा रुग्णाचे घर असावे. हॉटेलची खोली किंवा गाडी नव्हे. जाताना पत्ता घरी सांगून जावे आणि पहिल्या भेटीस शक्य तो कोणाला सोबत न्यावे. विवाहाविषयी, मूल कधी होणार याविषयी खोदून विचारले जात असेल तर “कामाच्या वेळा मी पाळू शकते” एवढेच उत्तर पुरेसे आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रुग्णाच्या घरालाही लागू आहे. घर हे त्या कायद्यात कामाचे ठिकाण मानले आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या रुग्णालयात वा ब्युरोत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षांचे नाव मुलाखतीत विचारावे. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. हा प्रश्न विचारताच समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तोही पाहण्यासारखा असतो. महिला साहाय्यासाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक फोनमध्ये ठेवावेत.

परदेशातील काम

आखाती देशांतील घरकाम व रुग्णसेवेच्या नावाखाली होणारी फसवणूक मोठी आहे. उत्प्रवासन कायदा, १९८३ खाली नोंदलेल्या एजंटखेरीज कोणालाही परदेशात भरती करण्याचा अधिकार नाही. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. एजंटचे सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक असू शकत नाही आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. पर्यटक व्हिसावर नोकरीस पाठवू पाहणाऱ्याचे ऐकू नये, मग तो नात्यातला असला तरी. घरगुती कामासाठी ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० असावे लागते.

ज्या घरात माणूस ठेवायचा आहे त्यांच्यासाठी

कुटुंबाला ईएसआय वा भविष्य निर्वाह निधीचे नियम लागू नसतात, त्यामुळे घरी येणाऱ्या सेवकाचे संरक्षण कुटुंबाच्या सद्भावावर राहते. ते स्वस्तात करता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आणि जीवन ज्योती योजनेचा ४३६ रुपये आहे. दोन्हीत दोन लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पहिली १८ ते ७० आणि दुसरी १८ ते ५० वयोगटासाठी आहे. वर्षाचे हे ४५६ रुपये कुटुंबाने भरावेत आणि सेवकाची ई-श्रम नोंदणी नसेल तर ती करून घेण्यास मदत करावी. मुलाखतीत रुग्णाचा खरा आजार सांगावा. ‘बाबांना फक्त सोबत हवी’ असे सांगून पहिल्या दिवशी डायपर आणि जखमेची मलमपट्टी समोर ठेवली की चांगला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि जो येतो तो अडचणीत असल्यामुळे येतो.

ठरलेले सर्व एका कागदावर लिहावे: पद, कामे, न करावयाची कामे, वेळ, सुटी, पगार व त्याची तारीख, नोकरी सोडण्याची वा सोडवण्याची पूर्वसूचना, डॉक्टरांचा आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक. भाषा साधी असावी, दोघांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत सेवकाजवळ असावी. हा कागद औषधांच्या तक्त्याशेजारी भिंतीवर लावला तरी चालेल. रात्रपाळीस येणाऱ्या दुसऱ्या सेवकालाही तो वाचता येईल.